घारी उठायची वेळ

आमच्या खळ्यावर घड्याळ नव्हतं. शिरूर तालुक्यातलं गाव, मार्चचे दिवस, ज्वारीची मळणी उरकलेली. सकाळी सातलाच सगळी माणसं खळ्यावर जमायची, पण उपणणी सुरू व्हायची नाही. उपणायला वारा लागतो आणि त्या वेळी झाडाचं पानही हलत नसायचं. आबा, म्हणजे माझे आजोबा, लिंबाखाली तंबाखू मळत बसायचे आणि मान वर करून गावाकडे बघायचे. नऊ वाजून जायचे. मग केव्हातरी उकिरड्यापलीकडून एक घार उठायची. दहा-बारा वेळा पंख मारायची आणि एकदम पंख ताठ धरून घिरट्या घालू लागायची. बघता बघता दुसरी, तिसरी. फडफड अजिबात नाही, आणि तरी प्रत्येक घिरटीला घार आणखी लहान दिसायची.

"उठल्या," आबा म्हणायचे. तंबाखूची चिमूट दाढेखाली धरायची, धोतर खोचायचं आणि वावडीवर चढायचं. वावडी म्हणजे उपणताना उभं राहायची उंच तिपायी. "द्या गं पाट्या." खालून आई आणि चुलती पाट्या भरून वर द्यायच्या. पहिल्या एक-दोन पाट्या भुसासकट पायाशीच पडायच्या. तिसऱ्या-चौथ्या पाटीला वारं सुटलेलं असायचं: दाणे सरळ खाली, भुसकट पिवळ्या ढगासारखं बाजूला.

मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. घारीच वारा आणतात, अशी माझी पक्की समजूत होती. पुढे एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला तेव्हा कळलं की समजूत चुकीची होती, पण आबांचं घड्याळ बिनचूक होतं. रात्रभर जमीन निवते आणि तिला टेकलेली हवा गार, जड होऊन तळाशी बसून राहते. वर वारा वाहत असतो, पण तो या जड थरात उतरत नाही. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा तापून हलकी होते आणि आधणातल्या बुडबुड्यांसारखी सुटून वर जाऊ लागते. तिच्या जागी वरची हवा खाली येते आणि येताना वरचा वाराही बरोबर आणते. घार वर जाणाऱ्या हवेवर बसते, खळ्याला खाली येणारा वारा मिळतो. दोन्हींचं मूळ एकच.

या वर जाणाऱ्या हवेला आबांच्या बोलीत नाव नव्हतं. आडव्या वाऱ्याला नावांची कमी नाही. झुळूक आहे, सोसाटा आहे, कोकणात खारे वारे आणि मतलई वारे आहेत. उभ्या वाऱ्याला मात्र नाव नाही. त्याच्या खुणांना आहे. रानावर उन्हाच्या लाटा हलताना दिसतात त्या झळा. धूळ फिरत उभी राहते ती वावटळ. घारी चढतात ते 'उठणं'. हवा दिसत नाही. तिने उचललेली वस्तू दिसते, आणि माणूस नाव देतो ते त्या वस्तूला. हे फक्त आमच्या गावाचं वैशिष्ट्य असेल असं मला वाटायचं. नंतर वाचत गेले तसं दिसलं की जगभर असंच घडलं आहे, आणि या कथेतली काही महत्त्वाची पानं आपल्याच देशात लिहिली गेली आहेत.

वावटळीपासून सुरुवात करू. आमची आजी वावटळ दिसली की आम्हाला आत ओढायची आणि उंबऱ्याबाहेर थुंकायची. वावटळीत 'बाहेरचं' असतं म्हणे. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनीही काही वेगळं केलं नाही. धुळीच्या या फिरत्या खांबाला ते 'डेव्हिल', म्हणजे सैतान म्हणत. यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली निघाला, त्यात डेव्हिल या शब्दाखाली हा अर्थ नोंदवला आहे. आजही जगभरचे हवामानशास्त्रज्ञ, अगदी मंगळावरच्या वावटळींबद्दल बोलतानाही, 'डस्ट डेव्हिल' हाच शब्द वापरतात. आजीच्या भुताला विज्ञानाच्या पुस्तकात कायमची जागा मिळाली, ती अशी.

त्या कोशाच्या पंचवीसेक वर्षं आधी बंगाल आर्मीतले एक डॉक्टर, पी. एफ. एच. बॅडली, या वावटळींमागे लागले होते. त्यांचं 'व्हर्लविंड्स अँड डस्ट-स्टॉर्म्स ऑफ इंडिया' हे पुस्तक १८६० साली लंडनला प्रसिद्ध झालं. धुळीचे खांब कसे उभे राहतात, कसे फिरतात, कसे चालत जातात, याचं त्यांचं निरीक्षण मन लावून केलेलं आहे. कारण मात्र त्यांनी विजेत शोधलं. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उसळते आणि वर जाताना फिरू लागते, एवढं साधं उत्तर त्यांना पुरेसं वाटलं नाही.

दुसरे डॉक्टर आग्र्याचे, आणि माझा जीव खरा त्यांच्यावर आहे. अर्नेस्ट हॅनबरी हॅन्किन १८९२ साली हिंदुस्थानात आले. नोकरी रसायन-परीक्षकाची आणि जंतुशास्त्रज्ञाची. पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा त्यांनी पाठपुरावा केला. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, हे त्यांनी १८९६ साली पाश्चर इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात लिहिलं. जंतू खाणाऱ्या विषाणूंच्या शोधाची हकिगत सांगताना आजही त्या लेखाचा उल्लेख येतो. मोगल इमारतींवरची भौमितिक नक्षी कशी आखली असेल, हेही त्यांनीच उलगडून दाखवलं. अशा माणसाची नजर आकाशाकडे गेल्यावर काय होणार? त्यांनी गिधाडांची हजेरी घ्यायला सुरुवात केली.

१९१३ साली आलेल्या 'ॲनिमल फ्लाइट' या पुस्तकात ती हजेरी आहे. सकाळी कोणता पक्षी किती वाजता पंख न हलवता घिरट्या घालू लागतो, हे त्यांनी दिवसामागून दिवस टिपलं. त्यातून एक क्रम हाती आला. आधी घारी उठतात. मग हलकी गिधाडं. जड गिधाडं सगळ्यांत शेवटी. पंखाच्या क्षेत्रफळाच्या मानाने ज्याचं वजन जास्त, त्याला उशीर. थंडीत सगळ्यांनाच उशीर, उन्हाळ्यात लवकर. ढगाची सावली आली की गडबड. हे वाचताना मला आबा आठवले. लिंबाखाली बसून ते हेच टिपत होते, फक्त वहीत नाही.

हॅन्किन यांना नाव हवं होतं. एखाद्या वेळची हवा घिरट्यांसाठी किती लायक आहे ते सांगणारा शब्द इंग्रजीत नव्हता, म्हणून त्यांनी 'सोअरेबिलिटी' हा शब्द केला. मराठीत 'तरंगतेपण' म्हणावं लागेल. त्याचे प्रकारही पाडले: उन्हामुळे येणारं तरंगतेपण वेगळं, वाऱ्यामुळे येणारं वेगळं. पण हे तरंगतेपण म्हणजे नेमकं काय, या प्रश्नाला त्यांचं उत्तर चुकलं. वर जाणारी हवा सगळा भार उचलत असेल हे त्यांना पटेना. उन्हामुळे हवेतच काही गुण उतरत असावा असं ते धरून बसले. ज्यांनी वेळा मिनिटांच्या हिशेबाने टिपल्या, त्यांनाच त्या वेळांचं साधं कारण दिसलं नाही.

मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. आज ग्लायडरवाले 'वाऱ्यावरची उचल' आणि 'उन्हाची उचल' असा जो भेद करतात, तो हॅन्किन यांनी पाडलेल्या भेदाच्या अगदी जवळचा आहे. सिद्धांत पडला, वर्गवारी टिकली.

न फडफडता चढणाऱ्या पक्ष्यांचं कोडं शिमल्यात सुटायचं होतं. तिथे हवामान खात्याचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर, केंब्रिजचे गणिती. मॉन्सूनचा अंदाज बांधण्याच्या खटपटीत त्यांनी प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा झोका शोधून काढला, हे आता शाळेतही शिकवतात. त्यांचे इतर नाद कमी लोकांना माहीत असतात. तरुणपणी त्यांना बूमरँगचं वेड होतं, बासरीचं होतं आणि पक्ष्यांच्या उडण्याचं तर शेवटपर्यंत राहिलं. १९२३ साली त्यांनी उष्ण कटिबंधातल्या पक्ष्यांच्या न फडफडता उडण्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. कौल सरळ होता: तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा या कामाला पुरेशी आहे. हिशेब तसा सोपा आहे. गिधाड पंख पसरून राहिलं तर सेकंदाला जेमतेम मीटरभर खाली येतं. हवा त्याहून जास्त वेगाने वर जात असेल, तर गिधाड हवेत उतरत असूनही जमिनीपासून वर चढत राहणार. सरकत्या जिन्यावर उलटं चालणाऱ्या पोराला आपण बघतोच की.

वॉकर १९२४ साली हिंदुस्थान सोडून गेले. चार वर्षांनी हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. चौकाचं नावही तेच. पीएमटीच्या बसमध्ये बसून मी कॉलेजला जायचे तेव्हा कंडक्टर 'सिमला ऑफिस' अशी आरोळी द्यायचा आणि पुण्यात शिमला कुठून आलं, हे मला अनेक वर्षं कळलं नव्हतं. इथल्याच कृषी हवामान विभागात एल. ए. रामदास यांनी जमिनीला लागून असलेल्या हवेचा पुढे अनेक वर्षं अभ्यास केला. ऐन दुपारी जमिनीलगतच्या काही इंचांत तापमान किती झपाट्याने उतरतं, यावर त्यांनी आणि एस. एल. मालूरकर यांनी १९३२ साली निबंध लिहिला. आबांच्या रानावर ज्या झळा हलायच्या, त्यांचंच हे गणित.

इकडे गिधाडं मोजली जात होती, तेव्हा जर्मनीत माणसं स्वतःच गिधाड व्हायला निघाली होती. पहिलं महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या विमानांवर कडक बंधनं घातली. बिनइंजिनाच्या विमानाला कोण अडवणार? १९२० साली ऱ्होन डोंगरातल्या वासरकुप्पे या साडेनऊशे मीटर उंचीच्या बोडक्या माथ्यावर ग्लायडरवाल्या पोरांचा पहिला मेळावा भरला. सुरुवातीला उडी म्हणजे माथ्यावरून पायथ्याशी घसरत येणं. मग त्यांनी डोंगराच्या अंगावर आदळून वर वळणारा वारा धरला. १८ ऑगस्ट १९२२ रोजी आर्थर मार्टेन्स 'व्हॅम्पिर' नावाच्या ग्लायडरमध्ये तासाहून अधिक काळ हवेत राहिला, आणि त्याच महिन्यात हेन्ट्सेनने तेच ग्लायडर तीन तासांवर नेलं.

डोंगराच्या अंगावरून वर चढणारा वारा आम्हा सह्याद्रीच्या लोकांना कुणी शिकवायला नको. पावसाळ्यात नाणेघाटात उभं राहा. कड्यावरून पडणारं पाणी वारा वर फेकतो आणि भिजायला होतं ते खालून. त्याला आपण 'उलटा धबधबा' म्हणतो. कोकणकड्यावर किंवा आंबोलीच्या कावळेसादला गेलेला प्रत्येक जण काहीतरी हलकं खाली टाकून ते परत येतं का ते बघतोच. इथेही नाव मिळालं ते वाऱ्याला नाही, पाण्याला. याच चढत्या वाऱ्यामुळे कोकणातून आलेले ढग घाटमाथ्यावर रिते होतात: महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि घाट उतरून आलेल्या पुण्याला जेमतेम सातशे.

पण डोंगराचा वारा डोंगरापाशीच ठेवतो. दूर जायचं तर ढगाखालची हवा पकडायला हवी, आणि ती आहे याचा पुरावा अपघातानेच मिळाला. ऑगस्ट १९२६ मध्ये माक्स केगेल नावाचा उडवय्या वासरकुप्पेवर वादळी ढगात खेचला गेला. ढगाने त्याला वर नेलं, झोडपलं आणि पंचावन्न किलोमीटरवर सोडलं. तो जिवंत राहिला आणि उरलेल्या आयुष्यासाठी त्याचं नाव पडलं 'वादळी माक्स'. दोन वर्षांनी रोबर्ट क्रोनफेल्ड या ऑस्ट्रियन तरुणाने ते शहाणपणाने केलं. साध्या पांढऱ्या, कापसाच्या बोंडासारख्या ढगांखाली जाऊन त्याने उंची कमावली. त्याच्याजवळ एक नवं हत्यार होतं: व्हॅरिओमीटर. बलूनवाल्यांकडचं हे यंत्र आपण वर जातोय की खाली, ते दाखवतं. आकाशात मध्यभागी बसलेल्या माणसाला आजूबाजूला बघून ते कळत नाही. १९२९ साली क्रोनफेल्डने ग्लायडरने शंभर किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. तो ज्यू होता. १९३३ नंतर त्याला जर्मनी सोडावी लागली.

आता शब्द बघा. शास्त्राने नाव दिलं 'थेर्मिक', इंग्रजीत 'थर्मल', ग्रीकमधल्या उष्णतेवरून. पण उडणाऱ्यांनी आपापली नावं काढली. जर्मन वैमानिक चांगल्या थर्मलला 'बार्ट' म्हणतात, म्हणजे दाढी. फ्रेंच त्याला 'पॉम्प' म्हणतात, म्हणजे पंप. इंग्रज वैमानिकांना धावपट्टीजवळ रोज हमखास भेटणारा थर्मल असतो तो 'घरचा', आणि ढग ओळीने लागले की ती 'गल्ली'. हवा न मिळता खाली आलं तर जर्मन म्हणतात 'बुडालो'. फ्रेंच म्हणतात 'गाईंत गेलो', कारण मग कुणाच्या तरी कुरणात उतरावं लागतं.

सगळ्यांत गोड नाव सायलेशियातलं. तिथे ग्रूनाऊ गावी १९३३ च्या मार्चमध्ये वोल्फ हिर्ट आणि त्याच्या जोडीदाराला डोंगराच्या उलट्या बाजूला, म्हणजे वारा खाली उतरायला हवा तिथे, विलक्षण उचल मिळाली. दगडावरून वाहणारं पाणी पुढे लाटा घेतं, तशी डोंगर ओलांडलेली हवा लाटा घेते. त्या लाटेच्या माथ्यावर मसुरीच्या दाण्यासारखा ढग एका जागी ठाण मांडून बसतो. तो ढग तिथल्या एका शेतकऱ्याच्या आधीच डोळ्यात भरला होता. त्याचं नाव गोटलीब मोट्स. गावच्या बोलीत तो 'मोआत्सागोट्ल', म्हणून ढगही मोआत्सागोट्ल. योआखिम क्यूटनर या शास्त्रज्ञाने या लाटांवर संशोधन केलं आणि त्यात शेतकऱ्याचं नाव तसंच ठेवलं. शेतकऱ्याचं नाव हवामानशास्त्रात शिरल्याची दुसरी गोष्ट मला ठाऊक नाही.

पुण्यात हे सगळं मला हडपसरला भेटलं. सासवड रस्त्यावरचं सरकारी ग्लायडिंग सेंटर १९५० सालचं. मी १९७९ मध्ये कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तिथे नाव घातलं. आईला 'एनसीसीसारखं काहीतरी आहे' असं सांगितलं होतं. तिथली ग्लायडरं नागरी विमान वाहतूक खात्याने इथेच आखलेली, आणि त्यांची नावं नक्षत्रांची: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर. मी शिकले रोहिणीत. त्यात शिकवणारा आणि शिकणारा शेजारीशेजारी बसतात. पलीकडच्या टोकाला विंच असायचा. तार घट्ट व्हायची, गाडा धडधडत सुटायचा आणि पोट मागे राहून आपण हजार फुटांवर. तार सोडली की आवाज बंद. फक्त वाऱ्याची शीळ. आणि मग चार-पाच मिनिटांत परत खाली. पहिल्या पंधरा-वीस खेपा अशाच गेल्या.

आमचे सर वायुसेनेतून आलेले, बोलायला मोजके. समोरच्या फळीवर व्हॅरिओमीटरच्या दोन उभ्या काचेच्या नळ्या होत्या. एकीत हिरवी गोळी, दुसरीत लाल. हवा वर नेत असेल तर हिरवी उडी मारते, खाली नेत असेल तर लाल. मी त्यांच्याकडे टक लावून बसायचे. फेब्रुवारीतली एक सकाळ, अकराचा सुमार. तार सोडल्यावर सर म्हणाले, "गोळ्यांकडे बघू नकोस. खुर्ची काय सांगते ते ऐक."

"खुर्ची काय सांगणार, सर?"

"कळेल. उसावर जाऊ नकोस, बुडशील. नांगरलेल्या रानावर चल."

उसाचं शेत ओलं, हिरवं; उन्हाचा बराच भाग पाणी उडवण्यातच जातो. नांगरलेली काळी जमीन कोरडी, ती तापते. हे मला परीक्षेत लिहिता आलं असतं. कळलं मात्र तेव्हा, जेव्हा त्या काळ्या पट्ट्यावर खुर्चीने खालून हळूच धक्का दिला, उजवा पंख जरासा उचलला गेला आणि मागाहून हिरवी गोळी टुणकन वर गेली. "तिकडे वळ, जो पंख उचलला तिकडे," सर म्हणाले. मी वळले. लाल गोळी. पुढे गेले होते. परत वळले. हिरवी. चार घिरट्या झाल्यावर मी खाली बघितलं आणि सासवड रस्ता दोरीएवढा झाला होता. त्या दिवशी आम्ही बावीस मिनिटं वर राहिलो. उतरताना बघितलं, आमच्याच घिरटीत पण बरीच वर एक गिधाड होतं. आम्ही आहोत की नाही, याची त्याला काही पडलेली नव्हती.

"घार फसवते," सर चहा पिताना म्हणाले. "ती हलकी असते, जरा कुठे ऊब मिळाली की तिचं भागतं. गिधाड दिसलं तर डोळे मिटून त्याच्याखाली जा." त्यांनी हॅन्किन वाचले नव्हते. मीही तोवर वाचले नव्हते. हॅन्किन यांनी वजनाच्या क्रमाने जी हजेरी लिहिली, तीच सर चहाच्या टपरीवर एका वाक्यात सांगत होते.

हडपसरला आम्ही मराठीतच बोलायचो, पण थर्मलला थर्मलच म्हणायचो. 'लिफ्ट मिळाली', 'सिंकमध्ये गेलो', 'थर्मल सुटला'. पुढे शाळेत शिकवू लागले तर पुस्तकात शब्द होते 'ऊर्ध्वगामी प्रवाह' आणि 'अभिसरण'. शब्द चुकीचे नाहीत. शास्त्राच्या पुस्तकाला असे काटेकोर शब्द लागतात, आणि ते करणाऱ्यांनी कष्टाने केले आहेत. पण वर्गात 'ऊर्ध्वगामी' म्हटलं की साठ पोरं पाटीकोरा चेहरा करून बघायची. मग मी खिडकी उघडायचे. आमच्या शाळेसमोर भाजी मंडईची पत्र्याची शेड होती. दहाच्या तासाला तिच्यावर हमखास घारी उठायच्या. "बघा, उठल्या," मी म्हणायचे, "आता सांगा, त्यांना कोण उचलतंय?" त्यानंतर ऊर्ध्वगामी शब्द फळ्यावर लिहिला तर तो कोणाला जड जात नसे. आमच्या मंडईच्या शेडला आठवीची मुलं 'घारींचा जिना' म्हणायला लागली, आणि माझ्या लेखी ते फ्रेंचांच्या पंपापेक्षा कणभरही कमी नाही.

म्हणून नव्या प्रतिशब्दांच्या समित्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की आधी खळ्यावर, धावपट्टीवर, होडीवर जाऊन ऐका. डेव्हिल हा शब्द उन्हात उभ्या असलेल्या लोकांचा होता, मोआत्सागोट्ल हा शेतकऱ्याचा, दाढी आणि पंप हे उडणाऱ्यांचे. हॅन्किन यांचा शब्द टेबलावर बनलेला, पण त्यामागे हजारो तासांचं बघणं होतं. तरीही कोणाला तो आज आठवत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

वाईट वाटण्यासारखं आणखी एक आहे. हॅन्किन यांची वही आज कोणी पुढे चालवू म्हटलं तर हजेरीपटावरची बहुतेक नावं गैरहजर आहेत. १९९० च्या दशकात आपल्याकडची गिधाडं मरू लागली. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जात होतं आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होत होते. २००४ साली हे कारण सिद्ध झालं. २००६ साली सरकारने जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातलं एकही धड उरलं नव्हतं. कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडिंग करणारी आजची मुलं घारींवरच भागवतात. त्यांच्या कानाशी व्हॅरिओमीटर पींपीं करतो, आणि खात्रीने ज्याच्याखाली जावं असं गिधाड त्यांनी क्वचितच पाहिलेलं असतं.

आमचं खळंही गेलं. मळणीयंत्राला स्वतःचा पंखा असतो, त्याला घारीची वाट बघावी लागत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आई आणि चुलतीने भरलेल्या पाट्यांचं वजन मला आठवतं. फक्त एक विनंती आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी ऐंशीच्या पुढचं कोणी असेल, आणि त्यांनी हाताने उपणणी केली असेल, तर त्यांना विचारा: वारं सुटणार हे तुम्हाला कशावरून कळायचं आणि तुम्ही त्याला काय म्हणायचा? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, गावाचं नाव घालून वहीत लिहून ठेवा. आमच्याकडे त्याला 'घारी उठल्या' म्हणत. तुमच्याकडे वेगळं असणार. हे सांगू शकणारी माणसं आता मोजकी आहेत, तेव्हा याच रविवारी विचारा.